जॅझच्या तबकड्या : पहिले यंत्र, पहिल्या पाच एलपी आणि ऐकण्याची रीत

एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी ही बारा इंची तबकडी एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण करते. म्हणजे वीस मिनिटांत ती साडेसहाशेहून अधिक वेळा फिरते आणि सुई तेवढ्या वेळात चारशे मीटरांहून लांब अशा एकाच सलग खाचेतून बाहेरून आत सरकत जाते. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ही तबकडी बाजारात आणली. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि आपल्याकडच्या ख्यालगायकांनी जसा त्या तीन मिनिटांत राग बसवला तसाच जॅझ वादकांनाही आपला विस्तार तेवढ्यात आटोपावा लागे. सलग वीस मिनिटे हाती आल्यावर त्यांना स्टुडिओतही मोकळेपणाने वाजवता येऊ लागले. १९५० आणि १९६० च्या दशकांतील न्यूयॉर्कचे जॅझ संगीत आणि एलपी ही दोन्ही अशी बरोबरीने वाढली. म्हणून ते संगीत एलपीवर, एकेक बाजू सलग ऐकण्यात मला अर्थ वाटतो.

ज्यांच्याकडे आज यंत्रही नाही आणि तबकडीही नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझा आग्रह सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या वर्षात पाच-सहा तबकड्यांहून जास्त घेऊ नयेत, आणि पैसा आधी सुईवर, मग तबकडीच्या स्थितीवर आणि सर्वांत शेवटी तिच्या दुर्मिळतेवर खर्च करावा. बहुतेक नवखे लोक हा क्रम नेमका उलटा लावतात.

काहीही विकत घेण्यापूर्वी

पुढे ज्या पाच एलपींची नावे येतील, त्या महिनाभर फोनवरच ऐकाव्यात. मात्र मूळ क्रमाने, मध्ये गाणे न बदलता आणि एक बाजू संपली की दोन मिनिटे थांबून. महिन्याच्या शेवटी त्यांतल्या किमान दोन आपणहून पुन्हा लावाव्याशा वाटल्या, तर पुढचा खर्च सार्थ ठरेल.

यंत्र निवडताना

एकूण चार गोष्टी लागतात : टर्नटेबल, त्याच्या दांडीच्या टोकाला बसणारे कार्ट्रिज व सुई, फोनो प्रीॲम्प, आणि ॲम्प्लिफायरसह स्पीकर. यांतला फोनो प्रीॲम्प लोक विसरतात. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच फार रुंद होऊन एका बाजूत वीस मिनिटे मावणार नाहीत. आणि तार स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली येते. ही वजाबाकी-बेरीज उलट करून मूळ तोल परत आणण्याचे काम फोनो प्रीॲम्प करतो. त्याचे प्रमाण १९५४ पासून ‘आरआयएए’ या नावाने ठरलेले आहे. शिवाय नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून अवघे चार-पाच मिलिव्होल्ट बाहेर पडतात. टर्नटेबलाची तार थेट ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये खोचली तर आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो, आणि नवखा माणूस यंत्र बिघडले असे समजून ते परत करायला निघतो. यंत्र घेताना प्रीॲम्प आत आहे की वेगळा घ्यायचा आहे, एवढे विचारून घ्यावे.

सुटकेसच्या आकाराचे, स्पीकर पोटात असलेले स्वस्त प्लेयर मी जॅझसाठी कोणालाही सुचवत नाही. त्यांतील सिरॅमिक कार्ट्रिज तबकडीवर बहुधा पाच ग्रॅम किंवा अधिक भार टाकते, त्यामुळे खाच झिजते. दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. त्या लहान स्पीकरमधून डबल बास जवळजवळ नाहीसा होतो, आणि या संगीतात बासवादकाची चाल हीच जमीन असते. ती ऐकू आली नाही तर वरचे सॅक्सोफोन अधांतरी भरकटल्यासारखे वाटतात आणि ‘जॅझ कळत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कमी खर्चात सुरुवात करायची तर ऑडिओ-टेक्निकाचे एलपी-६०एक्स पुरेसे आहे. ते स्वयंचलित आहे, प्रीॲम्प आतच आहे आणि भार कारखान्यातून ठरवून येतो. कार्ट्रिज बदलता येत नसले तरी सुई बदलता येते. थोडा अधिक खर्च शक्य असेल तर भार जुळवता येणारे आणि कार्ट्रिज बदलता येणारे यंत्र घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाचे एलपी-१२०एक्स, रेगाचे प्लॅनर १ किंवा प्रो-जेक्टचे डेब्यू यांपैकी कोणतेही दहा वर्षे साथ देईल. मोटर पट्ट्याने चालणारी असावी की थेट, या वादात नवख्याने पडू नये. गती स्थिर आहे की नाही हे मात्र जरूर तपासावे, आणि त्यासाठी पियानोइतकी कठोर परीक्षा नाही. लांबवलेला पियानोचा स्वर किंचित जरी हेलकावला तरी कान ते लगेच पकडतो.

अमेरिकेतील नातेवाईक जुने टर्नटेबल देऊ करतात तेव्हा एक गोष्ट तपासावी. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण हर्ट्झ बदलत नाहीत, आणि जुन्या अनेक यंत्रांतील एसी सिंक्रोनस मोटर आपला वेग हर्ट्झवरूनच ठरवते. असे यंत्र भारतात ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ च्या गतीने फिरते. सूर तीन पट्ट्यांहून थोडा अधिकच उतरतो, म्हणजे काळी एकमधले वादन खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली जाऊन बसते. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झने वेग राखणाऱ्या यंत्राला ही अडचण येत नाही. तिथे फक्त योग्य व्होल्टेजचा पुरवठा लागतो.

जुळणी

टर्नटेबल जड, न हलणाऱ्या फळीवर ठेवावे आणि स्पीकर त्याच फळीवर ठेवू नयेत, कारण स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोहोचून खर्जात घुमू लागते. गवंड्याकडे असते तशी पाणसळ ठेवून थाळी दोन्ही दिशांनी समतल करून घ्यावी.

मग भार. प्रथम अँटिस्केटची, म्हणजे दांडीला आत खेचणारी ओढ तोलणारी, कळ शून्यावर ठेवावी, सुईचे झाकण काढावे आणि मागचे वजन फिरवत फिरवत दांडी हवेत आडवी तरंगेल अशा जागी आणावे. त्या जागी वजनावरची आकड्यांची चकती शून्यावर आणावी, नंतर वजन आणि चकती दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेला भार द्यावा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ई ला तो २ ग्रॅम आहे, ऑर्टोफोनच्या टू-एम रेडला १.८ ग्रॅम. अँटिस्केटही साधारण त्याच आकड्यावर ठेवावे. भार कमी ठेवला तर तबकडी कमी झिजेल हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, मोठ्या स्वरांवर उसळते आणि खाचेच्या भिंतींना टोचे मारते. काही दिवसांनी सुईचा एक स्वतंत्र वजनकाटा घ्यावा. तो महाग नसतो आणि चकतीवरच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासू असतो.

कार्ट्रिजचा कोन जुळवण्याची छापील पट्टी बहुतेक यंत्रांबरोबर येते. ती एकदा शांतपणे वापरावी. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, तर लेबलाजवळ तोच वेग २० च्या आसपास उतरतो. तेवढाच नाद कमी लांबीत कोरलेला असल्यामुळे आतल्या खाचांत कोनाची लहानशी चूकही फाटका आवाज देते. बाजूच्या शेवटच्या रचनेत ट्रम्पेट किंवा स्त्रीस्वर चिरल्यासारखा येत असेल, तर तबकडीला दोष देण्याआधी कोन पुन्हा पाहावा.

पाच एलपी, आणि त्या कशा ऐकाव्यात

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण ऐकणे बसले नाही तर बाकीचे सारे केवळ सामान गोळा करणे होते.

पहिली एलपी एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांची ‘एला अँड लुई’. व्हर्व्ह कंपनीने १९५६ मध्ये ती काढली. साथीला ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राउनचा बास आणि बडी रिचचे ड्रम आहेत. शब्द आहेत, चाली सरळ आहेत, आणि दोन अगदी वेगळ्या जातीचे आवाज एकच ओळ कशी वेगवेगळी वळवतात हे ऐकण्यासारखे आहे. प्रत्येक रचना दोनदा ऐकावी : एकदा गळ्याकडे लक्ष देऊन, दुसऱ्यांदा फक्त बासकडे. बास वेगळा ऐकू येऊ लागला की पुढची वाट मोकळी होते.

दुसरी, आर्ट ब्लेकी यांच्या चमूची ‘मोनिन’. ब्लू नोट कंपनीसाठी ती ३० ऑक्टोबर १९५८ रोजी मुद्रित झाली. नावाच्याच रचनेत बॉबी टिमन्स पियानोवर एक ओळ म्हणतो आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन दोन स्वरसमूहांनी (कॉर्ड) तिला उत्तर देतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील प्रवचनकाराच्या वाक्याला जमावाने ‘आमेन’ म्हणावे, त्याची ही आठवण आहे. वारकरी भजनात एकाने चाल उचलायची आणि टाळकऱ्यांनी ती झेलायची, हे ज्याने लहानपणापासून ऐकले आहे त्याला ही देवघेव समजावून सांगावी लागत नाही.

इथे रचनेचा आराखडा समजून घ्यावा. बहुतेक वेळा सर्वजण मिळून आधी मूळ धून वाजवतात, मग एकेक वादक त्याच धुनीच्या आराखड्यावर आपला विस्तार करतो आणि शेवटी सर्वजण धुनीवर परत येतात. त्या आराखड्याच्या एका फेरीला जॅझमध्ये कोरस म्हणतात. आपण त्याला आवर्तन म्हणू शकतो, कारण तालाच्या आवर्तनासारखेच ते ठरावीक मात्रांचे असते आणि वादक कितीही दूर गेला तरी ते मनात चालूच राहते. बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट. ३२ बारांच्या रचनेत एकूण १२८ मात्रा असतात आणि तिची ठेवण बहुधा आठ-आठ बारांच्या चार तुकड्यांची असते : पहिला तुकडा, तोच पुन्हा, एक वेगळा तुकडा आणि परत पहिला. ब्लूज या बारा बारांच्या ठरावीक ठेवणीत ४८ मात्रा. बोटांवर मोजत ऐकावे. तबल्याची सम शोधायची सवय असलेला श्रोता दोन संध्याकाळींत आवर्तनाची सुरुवात ओळखू लागतो. फरक एवढाच, की आवर्तनाबरोबर इथे स्वरसमूहही बदलत जातात, त्यामुळे एकच ‘सा’ धरून ऐकण्याची आपली सवय थोडी सैल करावी लागते.

त्या सवयीला सर्वांत जवळची तिसरी एलपी, माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये कोलंबियाचा स्टुडिओ होता. तिथे २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत ती मुद्रित झाली. पहिल्या ‘सो व्हॉट’ या रचनेत स्वरसमूहांची धावपळ जवळजवळ नाही. पहिले सोळा बार एका डोरियन सप्तकात आहेत, पुढचे आठ तेच सप्तक एक पट्टी वर सरकवून, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. डोरियन म्हणजे कोमल गंधार आणि कोमल निषाद, अर्थात आपल्या काफी थाटाचे स्वर. हार्मोनियमवर काळी एक आणि दोन यांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीला षड्ज धरून काफीचे स्वर दाबून ठेवावेत आणि वादनाबरोबर सतरावा बार येईपर्यंत थांबावे. वादक एक पट्टी वर सरकतात तो क्षण अंगावर येतो. या रचनेत पॉल चेंबर्सचा बासच धून वाजवतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात. मग ट्रम्पेटवर डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली प्रत्येकी दोन आवर्तने घेतात आणि बिल एव्हन्स पियानोवर एक. तीन वादकांच्या स्वभावांतला फरक इतका शेजारी-शेजारी ठेवलेला दुसरीकडे क्वचितच मिळेल : डेव्हिस स्वरांमधल्या रिकाम्या जागेतून बोलतो, कोलट्रेन ती जागा शोधक ताना घेत भरून काढतो, ॲडर्ली हसतमुखाने वळणे घेतो. त्याच बाजूवरची पुढची ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ही बारा बारांची ब्लूज आहे. मोजण्याचा सराव तिच्यावर करावा.

चौथी, सनी रोलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’; २२ जून १९५६, प्रेस्टिज कंपनी. तिच्या दुसऱ्या बाजूवरील ‘ब्लू सेव्हन’ ही अकरा मिनिटांची ब्लूज मी बढत समजावण्यासाठी नेहमी ऐकवतो. रोलिन्स दोन-तीन स्वरांची एक छोटी खूण घेतो, तिला उलटतो, ताणतो, तोडतो आणि अकरा मिनिटांत ती कधीच हरवू देत नाही. त्याच्यामागे मॅक्स रोच ड्रमवर तीच शिस्त पाळतो. या रोलिन्सचा मुंबईशी खरा संबंध आहे : १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने वादन थांबवून पवईच्या आश्रमात काही महिने योग आणि वेदान्ताचा अभ्यास केला, आणि १९७८ मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली तेव्हा तो तिथे वाजवायला आला.

पाचवी, बिल एव्हन्स यांच्या त्रयीची ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’. न्यूयॉर्कच्या त्या तळघरातील क्लबमध्ये २५ जून १९६१ रोजी हे मुद्रण झाले. मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. स्कॉट लाफारो इथे बासवर साथ करत नाही, पियानोच्या बरोबरीने बोलतो. ६ जुलैला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी, पंचवीस वर्षांचा हा वादक मोटार अपघातात गेला. रात्री उशिरा, आवाज कमी ठेवून आणि फक्त बासचा धागा धरून ही बाजू ऐकावी. पहिल्या एलपीत बास ओळखायला शिकलेला कान इथे कामी येतो.

एका संध्याकाळी एकच बाजू, आणि हातात फोन नाही, हा माझा नियम आहे. एकाच बाजूकडे आठवड्यात तीनदा परत जावे. पहिल्यांदा आघाडीचा वादक, दुसऱ्यांदा बास, तिसऱ्यांदा ड्रममधली फक्त झांज.

कोणती प्रत घ्यावी

एकाच एलपीच्या वीस-वीस आवृत्त्या निघालेल्या असतात. मूळ पहिल्या छपाईभोवती मोठा मोह आणि मोठी किंमत असते, विशेषतः ब्लू नोटच्या बाबतीत. रूडी व्हॅन गेल्डर हा दिवसा चष्म्यांचे नंबर काढणारा माणूस न्यू जर्सीतील हॅकेनसॅक इथे आईवडिलांच्या दिवाणखान्यात हे संगीत मुद्रित करत असे. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्स इथे स्वतंत्र स्टुडिओ बांधला. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात त्याची ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ ही खूण उमटलेली असते. शेजारी कानाच्या आकाराचे लहानसे चिन्ह असेल तर ती प्रत प्लॅस्टिलाइट या कारखान्यात छापलेली, म्हणजे १९६६ मध्ये ब्लू नोट लिबर्टी या कंपनीला विकली जाण्याच्या सुमारास थांबलेल्या छपाईतली असते. तबकडीवरचे हे कोरीव अक्षर वाचायला शिकावे. कव्हर बदलता येते, हा पट्टा बदलता येत नाही.

पण नवख्याने पहिल्या छपाईच्या मागे लागू नये, आणि याचे उत्तम उदाहरण ‘काइंड ऑफ ब्लू’ हेच आहे. २ मार्चच्या बैठकीत मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे मूळ एलपीची पहिली बाजू वाजताना मूळ सुरापेक्षा थोडी चढी, अर्ध्या पट्टीहूनही कमी फरकाने, ऐकू येते. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. जुनी प्रत प्रिय असू शकते, पण ती आपोआप अधिक खरी नसते.

माझा सल्ला असा, की नव्याने छापलेल्या चांगल्या मालिका घ्याव्यात. ब्लू नोटची ‘टोन पोएट’ मालिका २०१९ पासून निघते आणि तिच्यासाठी केव्हिन ग्रे मूळ टेपवरून नवी खाच कोरतो. ‘क्लासिक व्हिनाइल’ ही त्यांचीच कमी किमतीची मालिका आहे. व्हर्व्हची ‘अकूस्टिक साउंड्स’ मालिकाही भरवशाची आहे. प्रेस्टिज आणि रिव्हरसाइड या कंपन्यांच्या मुद्रणांसाठी ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ पाहाव्यात; १९८० च्या दशकातील त्यांच्या जुन्या प्रती मिळाल्या तर त्याही सोडू नयेत. जपानी छपाई सहसा अतिशय शांत असते. युरोपात १९६३ पूर्वीच्या मुद्रणांचे हक्क संपलेले असल्यामुळे अनेक लहान कंपन्या ती कायदेशीरपणे छापतात, परंतु त्यांतील बऱ्याच प्रती मूळ टेपऐवजी सीडीवरून केलेल्या असतात. कव्हरवर मूळ टेपचा उल्लेख नसेल आणि किंमत फारच कमी असेल, तर थांबावे. १८० ग्रॅम वजनाचा शिक्का पाहून भुलू नये. जाडीने आवाज सुधारत नाही.

स्टिरिओ एलपी १९५८ मध्ये बाजारात आली. ‘एला अँड लुई’ किंवा ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ यांसारखी त्याआधीची मुद्रणे मोनोतच ऐकावीत. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ’ असे छापलेले दिसले तर ती प्रत खाली ठेवावी, कारण मोनो मुद्रणाचे कृत्रिमरीत्या दोन भाग केलेली ही प्रत धूसर आणि घुमरी ऐकू येते.

खरेदी

मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले, आणि एका ठिकाणी उभे राहून तासन्‌तास रेकॉर्ड चाळण्याची जागा गेली. आज चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार इथे जुन्या तबकड्या मिळतात. तिथे हिंदी चित्रपटगीते अधिक आणि जॅझ क्वचित. तरीही कोणा पारशी किंवा गोव्याच्या कुटुंबाचा संग्रह फुटला की एका दिवसात पाच-सहा चांगल्या एलपी एकत्र सापडतात.

जुनी प्रत घेताना तबकडी नेहमी कव्हरमधून बाहेर काढून पाहावी. सुरुवातीच्या काळात एका दुकानातून मी केवळ कव्हरच्या मोहाने एक एलपी न उघडता आणली. घरी आत वाद्यवृंदाची नाताळगीते निघाली. फोनचा दिवा तिरका धरावा. केसासारख्या रेषा बहुधा ऐकू येत नाहीत; नखाला जाणवणारा ओरखडा दर फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी, टक् वाजतो. चकाकी जाऊन करडी झालेली खाच जड सुईने खाल्लेली असते, आणि ती कितीही धुतली तरी सुधारत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर खूप रेघोट्या असतील तर ती तबकडी शेकडो वेळा वाजलेली आहे. शेवटी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकडेपणा पाहावा.

इंटरनेटवरून घेताना दर्जाच्या शब्दांनी फसगत होते. ‘मिंट’ म्हणजे न वाजलेली. ‘निअर मिंट’ जवळजवळ निर्दोष. ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे किरकोळ खुणा, आणि जॅझसाठी मी याच्या खाली उतरत नाही. नुसते ‘व्हेरी गुड’ म्हणजे शांत जागी खरखर स्पष्ट ऐकू येणारी प्रत, आणि ‘गुड’ म्हणजे व्यवहारात खराब. रॉक संगीतात ती खरखर दबून जाते, पण पियानो आणि बास यांच्या मधल्या शांततेत काहीच दबत नाही. परदेशातून मागवताना सीमाशुल्क धरून हिशेब करावा आणि विक्रेत्याला तबकडी कव्हरबाहेर काढून, कव्हरच्या मागे वेगळी ठेवून पाठवायला सांगावे; नाहीतर प्रवासातील धक्क्यांनी तबकडीची कड कव्हरची शिवण फाडते.

धुणे, साठवण आणि पावसाळा

प्रत्येक वेळी वाजवण्याआधी तबकडी फिरती ठेवून कार्बन फायबरचा ब्रश दोन फेरे टेकवावा. जुनी तबकडी घरी आल्यावर एकदा डिस्टिल्ड पाण्याने धुवावी. पाण्यात सौम्य साबणद्रावाचे एक-दोन थेंब पुरतात, मऊ फडके खाचेच्या दिशेने फिरवावे आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात द्यावा. नळाच्या पाण्यातील क्षार खाचेत वाळून बसतात. लेबल कोरडे ठेवावे.

७८ च्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. आंतोनियो शाव्हियेर वाझ, अर्थात चिक चॉकलेट, या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाने मुंबईत जॅझ वाजवले आणि सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटाच्या संगीतातही तो रंग आणला. त्याच्या बँडची ७८ ची तबकडी हाती लागली तर ती एलपीच्या सुईने वाजवू नये, कारण ७८ ची खाच कितीतरी रुंद असून तिला सुमारे चौपट जाड टोकाची सुई लागते. ती लाखेची असते, म्हणून तिला अल्कोहोल कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात आणि कव्हरवर गोल वळ उमटतो. शंभर एलपींचे वजन वीस किलोंहून अधिक होते, त्यामुळे पुस्तकांच्या पातळ फळ्या वाकतात. कोकणात आणि मुंबईत जूनपासून बुरशी येते. ती कागदी आतील पिशवीवर आणि बोटांच्या तेलकट ठशांवर धरते, म्हणून कागदी पिशव्या काढून पॉलिथिनच्या घालाव्यात, तबकडीला फक्त कडेने आणि लेबलापाशी हात लावावा आणि कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नये. पीव्हीसीची जाड पारदर्शक वेष्टने टाळावीत. उष्णतेत ती तबकडीवर ढगाळ डाग सोडतात, जे पुसून जात नाहीत. आधी बुरशी धरलेली तबकडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच ओळीत लावावी आणि तिची जुनी पिशवी फेकून द्यावी. विदर्भात आणि पुण्याच्या हिवाळ्यात उलट त्रास होतो : कोरड्या हवेत तबकडी स्थिर विजेने धूळ ओढते आणि कट्कट् वाजते. ब्रश सावकाश उचलावा, तबकडी पिशवीतून झटक्याने ओढू नये. मे महिन्यात बंद मोटारीत एलपी एक तासही ठेवू नये.

सुईचेही आयुष्य असते. साध्या लंबगोल टोकाची सुई सुमारे ३०० तास, मायक्रोलिनिअर टोकाची १००० तासांपर्यंत टिकते, आणि झिजलेली सुई तबकडी कापत जाते, पण ती झिजली हे कानाला फार उशिरा कळते. म्हणून टर्नटेबलशेजारी एक वही ठेवावी आणि वाजलेल्या प्रत्येक बाजूची तारीख घालून एक ओळ लिहावी. वीस मिनिटांची एक बाजू, म्हणजे तीन ओळींचा एक तास आणि नऊशे ओळींना नवी सुई. माझ्या वहीत त्या ओळीपुढे त्या दिवशी काय ऐकू आले ते दोन शब्दांत असते : ‘सो व्हॉट’समोर एका वर्षी ‘ट्रम्पेट’, पुढच्या वर्षी ‘बास’, आणि आता बहुतेक वेळा त्यातला ड्रमवादक जिमी कॉब याची झांज.